बारावीचं इंग्रजी: कवितेचं रसग्रहण मनानं लिहावं की गाईडमधलं?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचतेय, आज विचारायची वेळ आली.

माझी भाची बारावी आर्ट्सला आहे. गाव अमळनेर तालुक्यातलं, घरात अहिराणी, दहावीपर्यंत शाळा मराठी माध्यमाची. दाजी सुरतेला साडीच्या कारखान्यात लूमवर आहेत. पंधरा दिवसांनी, कधी महिन्यानं, सुरत-भुसावळ पॅसेंजरनं घरी येतात. पोरीला इंग्रजीची गोडी कशी लागली ते आम्हाला कुणालाच सांगता येणार नाही. घरात इंग्रजीचं एकच पुस्तक, तिचं युवकभारती. ते तिनं जूनमध्येच वाचून काढलं. शब्द अडला की समासात पेन्सिलनं अर्थ लिहिते, तोही पुष्कळदा अहिराणीत.

या वर्षी त्यांना दिलीप चित्रे यांची कविता आहे, संध्याकाळच्या गाडीनं घरी परतणाऱ्या वडिलांवरची. चाचणीत तिच्यावर रसग्रहण आलं, चार गुणांचं. वर्गातल्या बहुतेक मुलांनी गाईडमधलं पाठ केलेलं उतरवलं. हिनं मनानं लिहिलं. तिनं काय लिहिलं ते मराठीत सांगते. कवितेतला मुलगा वडिलांचं सगळं बघतो. भिजलेला शर्ट, चिखल लागलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी ठासलेली, उसवत आलेली पिशवी, सगळं. पण वडील गाडीत उभे असताना मुलगा काही तिथं नव्हता. मग त्याला हे दिसलं कसं? म्हणजे तो मनात चित्र रंगवतोय. जवळ बसून कधी विचारलं नाही, म्हणून लांबून रंगवतोय.

चारपैकी एक गुण मिळाला. शेरा होता, 'मुद्द्यांप्रमाणे लिहा.' त्या दिवशी पोर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मला विचारते, "मावशी, मी पाठच करू का आता?"

मी बारावीला तेच केलं होतं. बासष्ट गुण पडले आणि त्यातली एकही ओळ आज आठवत नाही. म्हणून मला तिला पटकन हो म्हणवेना. पण बोर्डाचं वर्ष आहे, उगाच धाडस करायला लावलं आणि नुकसान झालं तर? तिला पुढे बी.ए.ला स्पेशल इंग्लिश घ्यायचंय. जाणकारांनी सांगावं.

भुसावळकर

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बोर्डाच्या वर्षी प्रयोग नको. पेपर तपासणाऱ्याच्या पुढ्यात गठ्ठा असतो, त्याला ठरलेले मुद्दे दिसले की गुण पडतात. माझा मुलगा कॉमर्सचा, त्यानं नमुना उत्तरं पाठ केली आणि इंग्रजीत चांगले गुण घेतले.

दुसरं असं की आपल्या पोरांना आज गरज आहे ती चार माणसांत इंग्रजी बोलता येण्याची. मी ३० वर्षं नोकरी केली. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून हुशार पोरं मुलाखतीत मान खाली घालून बसलेली मी पाहिली आहेत, आणि ते बघवत नाही. दाजी तिकडे कष्ट करतात, पोरीनं लवकर पायावर उभं राहावं हे त्यांच्याही मनात असणार. कविता नंतर आयुष्यभर वाचता येतील.

निवृत्त मास्तर

मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, उत्तरपत्रिकाही तपासल्या. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बारावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची, २० गुण तोंडी. त्या ८० पैकी गद्य ३४, कविता १४, लेखनकौशल्य १६ आणि कादंबरी १६. कवितेच्या १४ मध्ये उताऱ्यावरचे प्रश्न १० आणि रसग्रहण ४. रसग्रहणासाठी मुद्दे दिलेले असतात: कविता, कवी व शीर्षक यांविषयी, मध्यवर्ती कल्पना, शैली व अलंकार, संदेश किंवा मूल्य आणि शेवटी कवितेविषयी तुमचे स्वतःचे मत. हा शेवटचा मुद्दा मंडळानेच ठेवलेला आहे. स्वतःचे मत पाठ करून कसे लिहिता येईल, हे मी दरवर्षी वर्गात विचारत असे.

तेव्हा भाचीची चूक मनाने लिहिण्यात नाही. तिने शेवटचा मुद्दा उत्तम लिहिला आणि आधीचे सोडून दिले. एक गुण त्यामुळे पडला असावा.

आता ते दोन्ही एकत्र कसे आणायचे ते सांगतो. त्याच कवितेत वडील गाडीतून उतरतात तेव्हा कवी म्हणतो की लांबलचक वाक्यातून एखादा शब्द गळावा तसे ते उतरले. ही उपमा आहे. 'कवितेत उपमा अलंकार आहे' एवढे लिहिले की अलंकाराचा मुद्दा झाला, पण ते कोणीही लिहील. तिने स्वतःला विचारावे की शब्द गळाल्यावर वाक्याचे काय होते? वाक्य पुढे चालूच राहते, गाडीही पुढे जाते. कोणाचे काही अडत नाही. घरी मुले वडिलांशी बोलत नाहीत, तिथेही हेच. म्हणजे तिने जे ओळखले त्याचा पुरावा कवितेतच बसलेला आहे. हा अलंकार सांगून आपले म्हणणे मांडले तर कोणता परीक्षक गुण कापेल?

भुसावळकर, तुमची काळजी खरी आहे. परंतु पाठ केलेल्या उत्तराने बोलताही येत नाही, हेही मी ३१ वर्षे पाहिले. तोंडी परीक्षेत मुले पाठ केलेला परिच्छेद धडधडा म्हणत. मध्ये एक साधा प्रश्न विचारला की थांबत, कारण ते वाक्य त्यांचे नसे.

गिरणाकाठची

मास्तर, 'गळलेला शब्द' वाचून मी दोन मिनिटं थांबले. ही कविता मी कॉलेजात शिकले आहे, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

भुसावळकरदादा, कविता नंतर वाचता येतील म्हणता. माझा अनुभव निराळा आहे. मी भडगाव तालुक्यातली. शहरातल्या कॉलेजात पहिल्या दिवशी गेले तो ड्रेस आईनं शिवला होता, पिवळा, बाह्यांना झालर. वर्गात पाय ठेवला आणि वाटलं, सगळा वर्ग माझ्याकडेच बघतोय. वर्षभर मी मागच्या बाकावर बसले. बारावीच्या आताच्या पुस्तकात व्हर्जिनिया वूल्फ यांची एक कथा आहे, १९२७ ची. लंडनमधली बाई जुन्या पद्धतीचा पिवळा ड्रेस शिवून घेऊन मेजवानीला जाते आणि दारातच तिचा धीर सुटतो. बशीत पडलेल्या माशीसारखं तिला स्वतःबद्दल वाटतं. मी ही कथा लेकीच्या पुस्तकात वाचली, वयाच्या ४१ व्या वर्षी. तेव्हा कळलं की हे लंडनमधल्या बाईलाही होतं, आपल्या तालुक्याचा किंवा आपल्या आईच्या शिवणाचा तो दोष नव्हता. हे मला सतराव्या वर्षी कळायला हवं होतं. त्या वयात कळलं असतं तर मी पुढच्या बाकावर बसले असते.

केळीवाला रावेर

पांझराकाठताई, मी शेतकरी माणूस, बी.ए. इंग्रजीचा. गावात संध्याकाळी पाच-सहा पोरं माझ्याकडे बसतात. फी नाही, घड कापणीच्या दिवसांत सुट्टी.

त्यांना रॉबर्ट साउदी यांची एक कविता आहे, समुद्रातल्या खडकावरची. एका मठाधिपतीनं खलाशांना सावध करायला त्या खडकावर घंटा बांधलेली असते. राल्फ नावाचा समुद्री चाचा मत्सरापायी ती कापून टाकतो, आणि वर्षांनंतर धुक्यात त्याचंच जहाज त्या खडकावर आदळतं. माझ्या पोरांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही. बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) म्हणजे काय, खडक पाण्याखाली असून घंटा वर कशी, सगळंच अडलं. मी म्हटलं, हतनूर सगळ्यांनी बघितलंय ना? धरणाला ४१ दरवाजे. पावसाळ्यात ते उघडायच्या आधी तापीकाठच्या गावांना इशारा देतात, माणसं गुरं घेऊन वर येतात. समजा एखाद्यानं नुसत्या जळफळाटानं तो इशाराच बंद पाडला तर? पोरं एकदम गप्प झाली. एक म्हणाला, "काका, हा तर खून झाला." मग कविता अर्ध्या तासात झाली, शब्दांचे अर्थ त्यांनी आपापले शोधले.

तो खडक खराच आहे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ. तिथं रॉबर्ट स्टीव्हनसन यांनी बांधलेलं दीपगृह १८११ पासून उभं आहे, भर समुद्रात. हे सांगितल्यावर पोरांनी मोबाइलवर त्याचे फोटो शोधून बघितले. लाटा दीपगृहाच्या निम्म्यापर्यंत चढतात. ते बघून कवितेतली भीती त्यांना आणखी कळली.

आणखी एक मनातलं. इंग्रजी कविता म्हणजे परक्याची, असं आपल्याकडे वाटतं. केशवसुत काही काळ आमच्या फैजपूरला शाळेत होते. इंग्रजीतला चौदा ओळींचा सॉनेट त्यांनीच मराठीत आणला, आपण त्याला सुनीत म्हणतो. धरणगावच्या ठोमरे यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली ती १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात. अकरावीला लंडनच्या पुलावरून दिसणाऱ्या सकाळवर वर्डस्वर्थ यांचं सुनीत आहे, १८०२ मधलं. ते शिकवताना बाजूला बालकवींची एखादी पहाटेची कविता म्हटली तर पोरांना दोन्ही कळतात. शहर झोपलेलं असताना सुंदर दिसतं असं तो म्हणतो, आपल्याकडे रान जागं होताना. पोरं यावर तासभर भांडतात आणि ते ऐकायला मला फार आवडतं.

सातपुडा पायथा

नंदुरबार जिल्ह्यात शिकवतो. आमच्या मुलांचा प्रश्न आणखी वरचा आहे. घरी पावरी किंवा भिली, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, आणि मग इंग्रजी. त्यांच्यासाठी मराठीतला 'अर्थ' हाही एक अनुवादच असतो. गाईड तर आणखी लांबचं.

केळीवालेकाकांच्या पद्धतीला माझा पूर्ण पाठिंबा. अकरावीला लेडी ग्रेगरी यांची एक आयरिश एकांकिका आहे, १९०७ सालची. बंदरावर एक पोलीस सार्जंट फरारी क्रांतिकारकाला पकडायला उभा आहे, बक्षीस १०० पौंड. तो माणूस गाणाऱ्याच्या वेषात त्याच्याचजवळ येऊन बसतो, जुनी देशभक्तीची गाणी म्हणतो, आणि सार्जंटच्या मनात खळबळ सुरू होते की आपण नक्की कुणाचे. मी शिकवायला सुरुवात केली ती आमच्या गावच्या चौकापासून. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार आणि त्याचे सोबती तिरंगा घेऊन निघाले आणि गोळीबारात गेले. ती गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. मी विचारलं, त्या दिवशी बंदूक धरलेल्या शिपायांच्या मनात काय चाललं असेल? तोवर त्यांनी शिपायांचा विचारच केला नव्हता. एक मुलगी म्हणाली, "सर, त्यांनाही पोरं असतील ना घरी." मग म्हटलं, आता सार्जंटची वाक्यं वाचा.

त्या मुलीचं इंग्रजी व्याकरण अजून कच्चं आहे. पण तिनं सार्जंटवर लिहिलेलं पान मी जपून ठेवलंय.

लेस्टर ते जळगाव

मूळची जळगावची, पंधरा वर्षं इंग्लंडात आहे. माझा मुलगा इथं ए-लेव्हलला इंग्रजी साहित्य शिकतो, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या वयात. इथली रीत सांगितली तर तुलनेला उपयोग होईल.

इथं मुलं त्या दोन वर्षांत साधारण तीनच विषय घेतात, त्यामुळे एकेका विषयाला वेळ मिळतो. साहित्याला किमान आठ पुस्तकं, त्यात गद्य, पद्य, नाटक सगळं. तीन तरी १९०० पूर्वीची, त्यांत शेक्सपिअरचं एक नाटक हवंच, आणि एक तरी २००० नंतरचं. गुणांचे २० टक्के मुलांनी घरी सवडीनं लिहिलेल्या निबंधाला. परीक्षेत एक भाग असा असतो की कधीच न पाहिलेला उतारा किंवा कविता समोर येते आणि तिच्यावर लिहायचं. तिथं गाईडचा काही उपयोग नाही.

पण इथंही पाठांतर आहे. शिकवण्या आहेत, तयार मुद्दे विकत मिळतात. मुलाची शिक्षिका मात्र पहिल्या दिवशी एकच करायला लावते. कविता दोनदा मोठ्यानं वाचायची, मग पेन खाली ठेवून पाच मिनिटं फक्त 'मला काय खटकलं' एवढंच बोलायचं. अर्थ विचारायचा नाही. भाचीनं जे विचारलं, मुलगा तिथं नव्हता तर त्याला दिसलं कसं, तो नेमका असा खटकलेला प्रश्न आहे. ताई, ही पोर इथल्या वर्गात असती तर शिक्षिकेनं तो प्रश्न फळ्यावर लिहिला असता. मी हे मनापासून सांगतेय.

भुसावळकर

सगळं वाचलं, दोनदा. मास्तरांचं म्हणणं पटलं, पाठ केलेलं बोलता येत नाही हे माझ्याही मुलाचं झालं. माझा एकच आग्रह राहील: पोरीनं मनानं लिहावं, पण मुद्द्यांचा सांगाडा सोडू नये. आणि लेखनकौशल्याचे १६ गुण कवितेच्या नादात घालवू नयेत.

पांझराकाठ

सगळ्यांचे खूप आभार. भुसावळकरदादा, तुमचेही. तुमच्यामुळेच मास्तरांनी मुद्दे इतके उलगडले.

मास्तरांचं सगळं मी भाचीला फोनवर वाचून दाखवलं. 'गळलेला शब्द' ऐकून ती बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, "मावशी, ही ओळ मी वाचली होती, पण मला वाटलं ती शोभेची आहे."

तिनं आता दुसरी कविता घेतली आहे, सरोजिनी नायडू यांची विणकरांवरची, १९०५ च्या संग्रहातली. विणकर पहाटे बाळाचं निळं वस्त्र विणतात, रात्र पडताना राणीची लग्नाची ओढणी आणि गार चांदण्यात प्रेताचं पांढरं कापड. बाळाच्या वस्त्राच्या निळ्या रंगाला एका पक्ष्याच्या पंखाची उपमा आहे. वर्गात त्याचा अर्थ 'एक पक्षी' एवढाच लिहून दिलाय. कोणता पक्षी ते कुणी सांगेल का?

गिरणाकाठची

खंड्या, ताई. नदीकाठी तारेवर बसतो तो निळा, मासा दिसला की सूर मारतो. तिला सांगा, तिनं शंभरदा पाहिला असेल. आणि विणकरांसोबत बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्याची कविता वाचायला द्या. असोद्याच्या त्या माउलीला अक्षर येत नव्हतं, पण विणणं म्हणजे काय ते तिनं एका पाखरात दाखवलं.

निवृत्त मास्तर

वाचनासाठी: जळगावला व. वा. वाचनालय, धुळ्याला गरुड वाचनालय. अमळनेरलाही साने गुरुजींच्या नावाचे ग्रंथालय आहे. मुलीचे सदस्यत्व काढून द्या. इंग्रजी पुस्तके कमी असतील, पण मागितल्याशिवाय ती वाढत नाहीत.

पांझराकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय.

विणकरांवर तिनं रसग्रहण लिहिलं. कविता, कवयित्री, शीर्षक, उपमा, तीन वेळा आणि तीन वस्त्रं, सगळे मुद्दे क्रमानं. खंड्यासुद्धा आला. शेवटी स्वतःच्या मताच्या जागी लिहिलं की कवितेतल्या विणकरांना विचारलं तर ते सांगू शकतात, हे बाळासाठी, हे राणीसाठी, हे मेलेल्यासाठी. माझे वडील सुरतेला दिवसभर साड्या विणतात, पण त्यांना कुणी विचारत नाही आणि त्यांनाही माहीत नसतं की ही साडी कोण नेसणार. मला वाटतं १९०५ नंतर हे बदललं. चारपैकी तीन मिळाले. शेरा काही नाही, पण शेवटच्या ओळीखाली सरांनी रेघ मारलीय.

परवा दाजी आले होते. रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं त्यांना दोन्ही कविता अहिराणीत सांगितल्या. विणकरांची ऐकून हसले आणि म्हणाले, "माले काय माहीत, ती साडी कोन नेसस!" मग गाडीतल्या वडिलांची सांगितली. ओला शर्ट, पाणचट चहा, शिळी पोळी, पोरांनी न सांगितलेल्या गमती, सगळं. दाजींनी शेवटपर्यंत ऐकलं. थोड्या वेळानं विचारलं, "मंग त्याना पोरे त्यानासंगे काबर बोलत नहीत?"

भाचीला उत्तर देता आलं नाही. रात्री बारापर्यंत दोघं ओट्यावर बसून होती. बहीण सांगत होती, गाडीत गर्दी किती असते, कारखान्यात किती आवाज असतो, हे त्यांनी पोरीला पहिल्यांदाच सांगितलं.

केळीवाला रावेर

ताई, शनिवारी मी अमळनेरला येतोय, बाजार समितीत काम आहे. माझ्याकडे बी.ए.ची जुनी पुस्तकं आणि एक चांगला शब्दकोश पडून आहे. स्टेशनवर कुणाला पाठवता येईल का? पिशवी थोडी जड असेल.

पांझराकाठ

भाचीच येईल, काका. तिनं आत्ताच विचारलं, गाडी किती वाजता आहे.